रंगाऱ्याची न निघणारी खूण

आमच्या मजल्यावर माझ्या दारासमोर जे रंगारी राहतात, त्यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. लिहिण्यापूर्वी मी त्यांची परवानगी घेतली. त्यांची परवानगी मिळवणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट आहे. "भाऊ, तुमच्यावर चार ओळी लिहू का?" असे मी विचारले, तेव्हा ते पायातली चप्पल काढत होते. दुसरी चप्पल निघण्यापूर्वीच उत्तर आले, "होऊन जाईल." काय होऊन जाईल आणि ते कोण करणार, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. तसा विचार ते करतच नाहीत.

"होऊन जाईल" हे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसले आहेत की वस्तीतील लोक त्यांच्या माघारी त्यांना त्याच नावाने ओळखतात. रंगकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, ती घासून अशी सपाट करतात की हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखे वाटावे. परंतु स्वभाव अत्यंत भिडस्त. समोरच्याच्या तोंडावर नकार देणे त्यांना जमत नाही, त्यामुळे ते एकाच वेळी सगळ्यांना होकार देतात आणि मग सगळ्यांकडे थोडे थोडे काम करतात. आमच्या इमारतीचा जिना तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत पिवळा आहे आणि तेथून वर करडा आहे. दुसऱ्या मजल्यावर ब्रश चालू असताना शाळेच्या फाटकासाठी बोलावणे आले, एवढेच त्यामागील कारण. शाळेचे फाटकही एका बाजूनेच हिरवे आहे.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. त्या घरी शिलाई मशीनवर पडदे शिवतात. बोलणे मोजके, पण लागणारे. "यांना यमाने जरी विचारलं ना, येता का, तर हे म्हणतील होऊन जाईल," असे त्या मला एकदा म्हणाल्या. भाऊ तेथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली.

आम्ही दोघे प्रौढ वर्गात एका बाकावर बसत होतो. माझे आयुष्य रुग्णालयाच्या धुलाईखान्यात गेले, त्यांचे शिडीवर गेले. अक्षर ओळखण्याची सवड दोघांनाही उशिरा मिळाली. आमच्या बाई शिकवायला फार चांगल्या होत्या. त्यांचा एक नियम आम्ही सर्वांनी मनावर कोरून ठेवला होता. प्रश्नपत्रिकेत एकही जागा रिकामी सोडायची नाही. "येत नसलं तरी काहीतरी लिहा. रिकाम्या जागेला कोणी गुण देत नाही," असे त्या म्हणत.

एके दिवशी बाई आम्हाला नागरिक केंद्राच्या वाचनालयात घेऊन गेल्या. तेथे संगणकांची रांग होती. केंद्रातील कार्यक्रमांना मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी एक फॉर्म होता, तो आम्ही सरावासाठी संगणकावर भरावा, असे ठरले. नाव आणि फोन नंबर लिहून झाल्यावर खाली चौकटींची ओळ लागली. वाहन चालवता येते. प्रथमोपचार येतात. पोहता येते. शिडीवर चढता येते. मंचावर बोलता येते. चौकटीत बाण नेऊन दाबले की बरोबरची खूण उमटत असे. बाई कोणाचा तरी फोन घेण्यासाठी बाहेर गेल्या. त्या परत येईपर्यंत आमच्या वर्गातील झाडून साऱ्यांना सारे काही येत होते. एकही चौकट रिकामी राहिली नव्हती. बाईंनी आमची पाठ थोपटली. पडद्यावर नेमके काय लिहिले आहे, हे त्यांनी घाईत पाहिले नसावे.

यथावकाश फोन येऊ लागले. गुडघे धरून जिना चढणाऱ्या, आमच्या वर्गातील माळीबुवांना मंचावर भाषण करण्यास बोलावण्यात आले. मला रुग्णवाहिका चालवण्याविषयी विचारणा झाली. मी नम्रपणे सांगितले की मी आजवर एकच गाडी चालवली आहे, ती मळक्या चादरींची, आणि तीही ढकलत. सर्वांनी असेच काहीतरी सांगून हात झटकले. भाऊंना मात्र केंद्राच्याच जलतरण तलावाच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

मी तेव्हा वहिनींची कात्री परत करायला त्यांच्याकडे गेले होते.

"रविवारी लहान मुलांची पोहण्याची स्पर्धा आहे," व्यवस्थापक म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे की फोन कोणाच्याही कानाला असला तरी खोलीभर ऐकू येतो. "आमचा जीवरक्षक एकटाच आहे. खोल बाजूला आणखी एक माणूस हवा. तुमच्या नावापुढे पोहता येतं अशी टिक आहे. आणि तुम्ही तर काय, तळ ओळखता आमचा!"

यातील शेवटचे वाक्य खरे होते. तलावाचा निळा रंग दरवर्षी भाऊच देतात. खोलीचे आकडेही त्यांच्याच हातचे आहेत. ते तलावात अनेकदा उतरले आहेत, परंतु पाणी सोडण्यापूर्वी. पाणी सोडल्यानंतर ते काठाच्या जवळसुद्धा उभे राहत नाहीत.

भाऊंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते म्हणाले, "होऊन जाईल."

वहिनींनी मशीन थांबवली.

"काय होऊन जाईल?"

"रविवारी जरा तलावावर उभं राहायचंय."

"कशाला?"

"कोणी बुडालं तर..."

"तर तुम्ही काय करणार? त्याच्या शेजारी जाऊन बुडणार?"

"मी ओरडेन ना," भाऊ म्हणाले. "माझा आवाज चांगला आहे."

"अहो, लेकरं आहेत ती! आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि सांगा, येत नाही म्हणून."

भाऊंनी फोन हातात घेतला, त्याकडे पाहिले आणि तो पुन्हा ठेवला. माझ्या लक्षात आले की नेहमीच्या भिडेपेक्षा येथे काहीतरी जास्त आहे. ते काय, हे वहिनी आत गेल्यावर त्यांनी हळू आवाजात सांगितले.

त्यांच्या मुलीची मुलगी शाळेतून सुटली की संध्याकाळपर्यंत आजोबांकडे असते. तीच रविवारच्या स्पर्धेत उतरणार होती. लहान असताना तिने तलावाचा निळा तळ पाहून विचारले होते, "आजोबा, तुम्ही पाण्यात बसून रंगवता?" आणि आजोबा, अर्थातच, हो म्हणाले होते. नातीने ती गोष्ट मनात धरली. आपले आजोबा श्वास रोखून, पाण्याखाली, हातात ब्रश घेऊन बसतात, असे तिने साऱ्या वर्गाला सांगितले. वर्गात तिला त्यामुळे मान होता. भाऊंनी ती समजूत कधीच दूर केली नाही.

"तुम्हीच सांगा ताई, आता येत नाही म्हणालो तर ते तिच्या कानावर जाणारच," ते म्हणाले. "व्यवस्थापकांचा आवाज ऐकलात ना? गावभर होईल."

"आणि काही झालं तर, भाऊ?"

"तेच तर. जेवण जात नाही मला." ते खरेच कासावीस झाले होते. "फॉर्ममधली ती टिक काढून टाकतो. गुपचूप. कागदावर माझं नाव नसलं की ते दुसरा माणूस बघतील. कोणाला काही सांगायला नको."

मला हा मार्ग योग्य वाटला. आम्ही वाचनालयात गेलो. फॉर्म उघडला. भाऊंनी चष्मा पुसला, बाण चौकटीवर नेला आणि दाबला. खूण गेली. खाली 'जतन करा' असे बटण होते, तेही दाबले. पडद्यावर अक्षरे आली, "आपली माहिती जतन झाली आहे. धन्यवाद." भाऊंनी पडद्याला मान लववून प्रतिसाद दिला. जाता जाता खात्री करावी म्हणून मी फॉर्म पुन्हा उघडायला सांगितले. खूण जेथल्या तेथे होती.

त्यांनी ती पुन्हा काढली. ती पुन्हा आली. त्यांनी संगणक बदलला. डाव्या हाताने दाबून पाहिले. हळू दाबून पाहिले, जोर लावून पाहिले. तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी, माऊस केंद्राच्या मालकीचा आहे, याची त्यांना आठवण करून दिली. मी सुचवले की खाली 'इतर माहिती' असा रकाना आहे, तेथे लिहावे. भाऊंनी सुवाच्य अक्षरांत "मला पोहता येत नाही" असे एकेक अक्षर शोधून टाइप केले. वर "पोहता येते" ही खूण आणि खाली हे वाक्य, असा तो फॉर्म आता दोन तोंडांनी बोलू लागला.

"ही ओल आहे, ताई," भाऊ खिन्न होऊन म्हणाले. "भिंतीत ओल असली की वरून कितीही हात मारा, डाग परत वर येतो. आत कुठंतरी झिरपतंय."

दुसऱ्या दिवशी ते धीर एकवटून व्यवस्थापकांकडे गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. व्यवस्थापकांचा सारा विश्वास छापील कागदावर आहे. त्यांच्या हातात मदतनिसांची यादी होती आणि तिच्यात फक्त खुणा छापून येत. इतर माहिती त्या यादीत येतच नसे. थोड्या वेळाने भाऊ बाहेर आले. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, हातात जीवरक्षकाचा लाल सदरा होता.

"सांगितलंत?" मी विचारले.

"बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, उडी मारायच्या ओट्यांवरचे आकडे पुसट झालेत, रविवारच्या आत नवे काढाल का?"

"मग?"

भाऊ सदऱ्याची घडी घालू लागले. उत्तर मला ठाऊक होते.

सदरा घरी आल्यावर परिस्थिती अधिकच बिघडली. नातीने तो दारामागच्या खुंटीवर पाहिला आणि आनंदाने उडीच मारली. "आजोबा, खोल बाजूला तुम्ही? मी सांगू सगळ्यांना?" असे तिने विचारले. आजोबांच्या घशातून एक आवाज निघाला. तिने तो होकार धरला. वहिनींनी त्या दिवशी मशीन इतक्या वेगाने चालवली की एका पडद्याची दांडी घालायची पट्टी दोन्ही टोकांना शिवली गेली आणि तो पुन्हा उसवावा लागला.

शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, हा फॉर्म कोणीतरी बनवला असेल ना? त्या माणसाला विचारू."

फॉर्म बनवणारी मुलगी नागरिक केंद्राच्या वरच्या मजल्यावर बसते. तिची खोली अगदी लहान आहे आणि खिडकीची एक झडप उघडी राहावी म्हणून तिने मध्ये जुना कीबोर्ड अडकवला आहे. तिने आम्हाला आदराने बसवले. भाऊंची तक्रार ऐकून ती चकित झाली नाही, फक्त तिने कपाळावर हात मारला.

"काका, टिक काढून तुम्ही 'जतन करा' दाबता, तेव्हा तुम्हाला काय वाटतं? फॉर्म आमच्याकडे येऊन काय सांगतो?"

"की यांना पोहता येत नाही."

"तिथंच तर घोडं अडलंय. तो असं काही सांगतच नाही. टिक असलेली चौकट तेवढी आमच्याकडे येते. टिक नसलेली चौकट निघतच नाही, घरीच बसते. तिचं नावसुद्धा येत नाही. सगळ्या वेब-फॉर्मची हीच रीत आहे."

"म्हणजे मी नाही म्हणालो, ते..."

"ते इथं पोचलंच नाही. त्याला वाटतं, पोहण्याबद्दल काका आज काही बोलले नाहीत."

"आणि मी बोललो नाही तर?"

"तर आधी जे बोलला होतात तेच कायम." तिने जीभ चावली. "हे माझ्यामुळे आहे. पत्त्याचं पान वेगळं आहे ना, आधी कोणी नुसता पत्ता बदलला तरी त्याच्या सगळ्या टिका उडायच्या. लोक भांडायला वर यायचे. मग मी नियमच घातला. जे आलं नाही, त्याला हात लावायचा नाही."

भाऊंनी खिडकीत अडकवलेल्या कीबोर्डकडे पाहिले. मग म्हणाले, "आमच्या घरीही असंच आहे. मी गप्प बसलो की हो धरतात."

"तुम्ही गप्प बसता कुठं?" मी म्हणाले. "तुम्ही हो म्हणता."

"गप्प बसलो तरी धरतात, ताई."

ती मुलगी हसली आणि तिने उपाय सांगितला. प्रत्येक चौकटीच्या जोडीला ती एक न दिसणारी चौकट ठेवणार होती. त्या लपलेल्या चौकटीत कायमचे 'नाही' लिहिलेले असेल आणि फॉर्म निघाला की ते 'नाही' न विसरता त्याच्याबरोबर जाईल. वर खूण असली, तर त्या 'नाही'च्या मागोमाग 'हो' जाईल. दोन्ही आले तर मागून आलेला शब्द खरा धरायचा. खूण नसली तर एकटे 'नाही' पोचेल.

"म्हणजे माझ्या वतीने नाही म्हणायला तुम्ही एक माणूस लपवून ठेवणार?" भाऊंनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान होते की अशी सोय घरासाठीही मिळते का, हे ते विचारतील असे मला वाटले.

"तसंच समजा. शनिवारी सगळ्या मदतनिसांना मेसेज जातो, फॉर्म उघडून एकदा खात्री करून जतन करा म्हणून. तेव्हा तुम्ही टिक काढा. व्यवस्थापकांची शेवटची यादी त्याच्यानंतर निघते."

ती काम करू लागली आणि तेवढ्यात खालून व्यवस्थापकांचा आवाज आला. स्पर्धेची वेळ वेबसाइटवर चुकीची पडली होती. ती धावत खाली गेली, धावत वर आली आणि उरलेले काम तिने उभ्याउभ्याच संपवले.

शनिवारी दुपारी आम्ही पुन्हा वाचनालयात गेलो. भाऊंनी एकेक खूण काढायला सुरुवात केली. वाहन काढले, प्रथमोपचार काढले, पोहणे काढले, मंच काढला. शिडीपाशी थांबले. शिडी मात्र त्यांना खरोखरच येते, तेव्हा ती एक खूण त्यांनी अभिमानाने ठेवली. जतन केले. फॉर्म पुन्हा उघडला. पोहण्याची चौकट कोरी होती! भाऊंनी माझा हात हातात घेऊन हलवला. मग मी त्यांना दाखवले की शिडीचीही खूण गेली आहे.

"गेली तर गेली," ते म्हणाले. "जाऊ द्या. शिडी कोणाला लागली तर ओळखतात मला."

ते इतके हलके झाले होते की घरी जाताना त्यांनी दोन जणांना होकार दिला. एकाला दाराची चौकट रंगवण्याचा आणि एकाला, बहुधा, कपाट उचलण्याचा.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच बसले होते. भाऊ ओट्यांचे आकडे काढण्यासाठी पत्र्याचे साचे कापून त्यांवर रंग लावून बघत होते. नात पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून घरभर फिरत होती आणि पाण्यातल्याप्रमाणे हात मारत होती. फोन वाजला. भाऊंचे हात रंगात होते, म्हणून नातीने फोन घेतला, बटण दाबले आणि तो आजोबांसमोर धरला. बटण दाबण्याची गरज नव्हती. व्यवस्थापक बोलत होते.

"अहो, अनर्थ झालाय! यादी काढली, तर एकाच्याही नावापुढे टिक नाही! कोणालाच पोहता येत नाही! आमचा पगारी जीवरक्षक, त्यालाही येत नाही!"

त्यामागील कारण नंतर कळले ते असे. उभ्याउभ्या काम संपवताना त्या मुलीच्या हातून क्रम उलटा झाला होता. 'हो' आधी जात होते आणि लपलेले 'नाही' मागून. मागून आलेले खरे, हा नियम तसाच होता. परिणामी त्या दुपारी ज्याने ज्याने प्रामाणिकपणे फॉर्म जतन केला, त्याचे सर्व गुण गेले.

"ती बिचारी वर बसून दुरुस्त करतेय," व्यवस्थापक सांगत होते, "पण आता मला त्या कागदाचा भरवसा नाही. एकेकाला तोंडी विचारतोय. तुम्ही सांगा. पोहता येतं का नाही, एका शब्दात."

आतापर्यंत भाऊंना हे कोणी विचारलेच नव्हते. सर्वांनी फॉर्ममध्ये पाहिले होते. त्यांनी नातीकडे पाहिले. तिने चष्मा कपाळावर सरकवला होता आणि ती त्यांच्याकडे हसून पाहत होती; उत्तर तिला ठाऊकच होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हॅलो?" फोन म्हणाला. "गप्प बसू नका हो. आज गप्प बसणाऱ्याचं काय धरायचं, तेच मला कळेनासं झालंय."

"होऊन..." भाऊ म्हणाले आणि थांबले. त्यांच्या हातातील साच्यावरून रंगाचा एक थेंब जमिनीवर पडला. असा थेंब त्यांच्या हातून पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "मला पोहता येत नाही."

"काय म्हणता? अहो, तुम्ही तळ रंगवता ना आमचा!"

"पाणी सोडायच्या आधी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"रोज सांगत होतो, साहेब. टिक काढून."

नातीने फोन जमिनीवर ठेवला. तो अगदी नीट ठेवला, आपटला नाही. मग चष्मा काढून हातात घेतला आणि ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. जमिनीवरून व्यवस्थापकांचा आवाज येतच होता, "आता मी खोल बाजूला कोणाला उभं करू? कोणाला येतं का तुमच्या इमारतीत?"

"मला येतं," वहिनी म्हणाल्या.

फोनसुद्धा क्षणभर गप्प झाला.

"तुला येतं?" भाऊ म्हणाले.

"माझे वडील होडी चालवायचे, हे तरी ठाऊक आहे ना? आम्ही सगळी भावंडं नदीतच वाढलो. पलीकडे जाऊन परत यायचो, शर्यत लावून."

"कधी बोलली नाहीस ते?"

"कधी विचारलंत? इतके दिवस सगळं घर तुमच्या त्या चौकटीच्या मागे. आणि मला काय, लोकांसमोर पाण्यात उतरायची हौस आहे? कोणीच नसेल तर उतरेन." मग त्या वाकून फोनला म्हणाल्या, "पण आधी पोहून दाखवीन. तुम्ही बघा, आणि मगच उभी करा. यांच्यासारखं नको."

व्यवस्थापकांनी ते आनंदाने मान्य केले. वहिनींनी लगेच कपाटातून कापड काढले आणि स्वतःसाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख शिवायला घेतला. नात आईबरोबर घरी गेली. जाताना ती आजोबांशी बोलली नाही.

रविवारी सकाळी सर्व मदतनिसांना पोहून दाखवावे लागले, पगारी जीवरक्षकालाही. तो जरा रागावला होता. वहिनी पाण्यात उतरल्या, तेव्हा काठावरच्या पालकांत थोडी कुजबुज झाली. त्या तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या, केसांवरचे पाणी निपटले आणि व्यवस्थापकांना विचारले, "पुरे, का अजून?" कुजबुज थांबली. लाल सदरा आणि शिट्टी घेऊन त्या खोल बाजूला उभ्या राहिल्या. सदरा भाऊंच्या मापाचा होता, म्हणून बाह्या त्यांनी घरूनच दुमडून टाके घालून आणल्या होत्या.

भाऊ आणि मी पायऱ्यांवर बसलो. त्यांच्या मांडीवर वहिनींचा टॉवेल होता. ओट्यांवरील आकडे त्यांनी पहाटे येऊन काढले होते आणि सगळेच्या सगळे पूर्ण केले होते; ही गोष्ट मी त्यांना सांगितली, परंतु त्यांचे लक्ष नव्हते. त्यांचे डोळे नातीवर होते. ती मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. घोळका आमच्या दिशेने येऊ लागला, तेव्हा भाऊंनी टॉवेलाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"हेच ना गं तुझे आजोबा?" एकीने विचारले. "पाण्याखाली बसून रंगवणारे?"

नातीने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी खाली पाहिले.

"नाही," नात म्हणाली. "पाणी काढून टाकतात आधी."

"सगळं?"

"सगळं. मग शिडी लावून आत उतरतात. खोल बाजूलासुद्धा चालत जातात."

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. मला वाटले, आता हसतील. त्यांतील सर्वांत लहान मुलीने वळून तलावाच्या त्या टोकाकडे पाहिले, जेथे तिचे पाय अजून तळाला लागत नसत.

"तिथं? चालत?" ती म्हणाली. "तिथं खाली उभं राहिलं की कसं दिसतं?"

"सगळं वर राहतं," भाऊ हळूच म्हणाले. "काठ वर, माणसं वर. बोललं तर आवाज घुमतो. नुसतं शिंकलं तरी चार जण शिंकल्यासारखं वाटतं."

"आजोबा, आम्हाला नेणार? पुढच्या वेळी रंगवाल तेव्हा? आम्ही सगळ्या येऊ! ब्रश घेऊन येऊ!"

सगळ्या एकदम बोलू लागल्या. भाऊंचे ओठ हलले. त्या हालचालीनंतर कोणते दोन शब्द येतात, हे मला, नातीला आणि साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. नात त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"नाही," भाऊ म्हणाले. "रंग ओला असतो. पाय उमटतात."

मुलींनी थोडी तोंडे वाकडी केली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात स्पर्धेचा पुकारा झाला म्हणून धावत गेल्या. नात चार पावले जाऊन परत आली आणि तिने आपला टॉवेल आजोबांच्या मांडीवर, आजीच्या टॉवेलावर टाकला.

"ताई," भाऊ मला म्हणाले, "एवढंच असतं होय?"

मी त्यांना काही उत्तर देणार, तोच नातीची शर्यत सुरू झाली. भाऊ दोन्ही टॉवेल घेऊन उठले आणि नकळत पाण्याच्या अगदी कडेला जाऊन ओरडू लागले. त्यांचा आवाज खरोखरच चांगला आहे. परंतु खोल बाजूकडून त्याहून मोठी शिट्टी वाजली. सगळा तलाव तिकडे पाहू लागला.

"अहो, काठावरून मागे व्हा!" वहिनी ओरडल्या. "तुम्हाला पोहता येत नाही!"

भाऊ मागे झाले, आणि तेथून ओरडू लागले.